वाचकांचे प्रश्न : शिडाच्या होडीतले इंजिन बाहेर काढताना

मे महिना जवळ आला की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत होड्यांची पत्रे वाढतात. पुण्यात राहून कोकण किनाऱ्यावर होडी ठेवणाऱ्यांना पावसाळ्याआधी ती वर ओढून घ्यावी लागते आणि वर्षभर पुढे ढकललेले इंजिनाचे काम मग समोर येऊन उभे राहते. या अंकासाठी निवडलेले सहाही प्रश्न त्याच कामाचे आहेत.

आमची २८ फुटी फायबरची शिडाची होडी रायगडच्या किनाऱ्यावर असते. आत यानमारचे २जीएम२० डिझेल इंजिन आहे. मागच्या ऑइल सीलमधून गळती आहे आणि धूर निळा येतो. मेकॅनिक म्हणतो, इंजिन काढून पुण्याला आणा. आम्ही तिघे भागीदार आहोत. काढायचे काम आम्हाला जमेल का? क्रम काय ठेवावा?
— वाचक, कोथरूड

जमेल. पण इंजिन खरेच बाहेर काढायला हवे का, ते आधी ठरवा. मागचा सील बदलायला गिअरबॉक्स आणि फ्लायव्हील उतरवावे लागते. इंजिन पायांवरून मोकळे करून केबिनच्या दिशेने अर्धा मीटर पुढे सरकवले, तर एवढे काम होडीतच होते. निळा धूर मात्र ऑइल जळत असल्याची खूण आहे. इंजेक्टर काढून त्या जागी गेज लावा आणि दोन्ही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजा. आकडे चांगले असतील आणि एकमेकांच्या जवळ असतील, तर दोष बहुधा व्हॉल्व्ह गाइडमध्ये आहे आणि हेड होडीत बसूनही उतरवता येते. एखादा सिलिंडर बराच खाली असेल तर रिंगा आणि बोअरचे काम निघणार. मग इंजिन बाहेरच काढा. आणखी एक बघा. मॉडेलच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ नसेल तर तुमचे इंजिन थेट समुद्राच्या पाण्यावर थंड होते. अशा इंजिनात पाण्याच्या वाटा मीठ आणि गंज धरून आतून अरुंद झालेल्या असतात. ते एकदा बाहेर आले की त्या वाटाही साफ करून घ्या, कारण ते काम होडीत बसून नीट होत नाही.

गिअरबॉक्ससह या इंजिनाचे वजन १०५ ते ११५ किलोच्या दरम्यान भरते. बुलेट मोटरसायकलच्या निम्म्याहून थोडे जास्त, म्हणजे तिघांना अवघड नाही. अडचण वजनाची नाही, वाटेची आहे. इंजिन कॉकपिटखाली (मागच्या उघड्या बसायच्या जागेखाली), पायऱ्यांच्या मागे खोबणीत बसलेले असते. तिथे दोन माणसांचे हात एकदम जात नाहीत, पाय रोवायला जागा नसते आणि वर केबिनचे दार जेमतेम दीड-दोन फूट रुंद असते. म्हणून पाना हातात घेण्याआधी टेप घ्या. बाहेरून लावलेले सुटे भाग काढल्यावर इंजिन जेवढे उरेल तेवढ्या मापाचा पुठ्ठ्याचा खोका करा. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा चांगला. तो खोका पायऱ्या काढलेल्या जागेतून आडवा, उभा, तिरका फिरवत दारातून वर नेऊन बघा. जिथे पुठ्ठा अडेल तिथे इंजिनही अडेल. कुठली फळी काढायची, कुठला कप्पा उघडायचा, इंजिनाचे कुठले टोक आधी वर न्यायचे, हे सगळे या अर्ध्या तासात कळते.

मग सोडवणूक. बॅटरीची निगेटिव्ह तार पहिली काढा, पॉझिटिव्ह नंतर. समुद्राच्या पाण्याचा खालचा व्हॉल्व्ह बंद करा. होडी पाण्यात असेल तर पाइप सोडण्याआधी तो खरेच बंद होतो का, हे क्लिप थोडी ढिली करून तपासा. वर्षानुवर्षे न फिरवलेले व्हॉल्व्ह फिरतात, पण बंद होत नाहीत. डिझेलचा कॉक टाकीपाशीच बंद करा आणि सुटलेल्या नळीत योग्य जाडीचा बोल्ट घालून वरून क्लिप आवळा. कापडाचा बोळा चालणार नाही, डिझेल त्यातून रात्रभर पाझरते. पंपाची आणि इंजेक्टरची उघडी तोंडे प्लास्टिकच्या टोप्यांनी लगेच बंद करा. इंजेक्टरला वाळूचा एक कणही पुरतो.

डिपस्टिकच्या नळीतून हातपंपाने ऑइल ओढून घ्या. इंजिनातून सुमारे दोन लिटर निघेल, गिअरबॉक्समधून पाव लिटरच्या आसपास. ते गरम असताना नीट निघते, म्हणून इंजिन चालू स्थितीत असेल तर आधी दहा मिनिटे चालवा. रेस, गिअर आणि इंजिन बंद करण्याच्या केबलींचे बोल्ट सोडताना केबलीच्या टोकाला किती आटे बाहेर आहेत ते मोजून लिहा. वायरींना खुणा दोन्ही बाजूंना करा, वायरीवर आणि जिथून ती सुटली तिथेही. कागदी पट्टी तेलाने गळून पडते आणि मार्करची शाई डिझेलने पुसते. कापडी चिकटपट्टीवर शिसपेन्सिलीने लिहिलेले शेवटपर्यंत वाचता येते.

आता इंजिन हलके करा. अल्टरनेटर, स्टार्टर, एअर फिल्टर, एक्झॉस्टचे मिक्सिंग एल्बो, समुद्राच्या पाण्याचा पंप आडवा येत असेल तर तोही. बारा-पंधरा किलो असे सहज कमी होतात, पण त्याहून महत्त्वाची आहे कमी होणारी रुंदी. एल्बो काढलाच आहे तर आत बोट घालून बघा. गरम धूर आणि खारे पाणी तिथे एकत्र येतात आणि काजळी-मिठाचा दगड बनतो. भोक बोटाएवढे उरले असेल तर धुराच्या तक्रारीत त्याचाही वाटा होता.

शाफ्टचे (पंख्याच्या दांड्याचे) गिअरबॉक्सला जोडणारे कपलिंग सोडण्याआधी होडी पाण्यात असेल तर सील किंवा ग्लँडच्या (शाफ्टभोवती पाणी अडवणाऱ्या भागाच्या) आतल्या बाजूला शाफ्टवर पाइपची क्लिप घट्ट आवळा. नाहीतर सुटलेला शाफ्ट मागे सरकत जातो आणि मागे सुकाणू आडवे नसेल तर पूर्ण निसटतो. मग शाफ्टच्या भोकाएवढे पाणी आत येते.

इंजिनाच्या प्रत्येक रबरी माउंटच्या उभ्या बोल्टवर दोन नट असतात. खालचा नट उंची ठरवतो, वरचा आवळून धरतो. खालच्या नटाला हात लावू नका. चारही माउंटवर तळापासून इंजिनाच्या पायापर्यंतची उंची व्हर्नियरने मोजून वहीत लिहा आणि माउंटच्या बैठकीभोवती तळावर टोचणीने रेघ ओढा. वरचे नट काढले की इंजिन बोल्टची पूर्ण उंची, म्हणजे चार-पाच सेंटिमीटर, सरळ वर उचलल्याशिवाय पुढे येत नाही. हे घाईत विसरले जाते. एक कोपरा आधी उचलला गेला तर पाय बोल्टच्या आट्यांत अडकतो.

उचलायला अर्ध्या टनाचा चेन ब्लॉक (साखळी ओढून वजन उचलायची कप्पी) वापरा. इंजिनावर पुढे आणि मागे उचलायच्या कड्या असतात, दोन्ही वापरा. एकाच कडीवर टांगलेले इंजिन गिरकी घेते आणि पाण्याचा पंप नेमका दाराच्या कडेवर आपटतो. दोन्ही कड्यांना लावलेला पट्टा फार पसरट होऊ देऊ नका. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंचा जमिनीशी कोन ६० अंश असेल तर ११५ किलोच्या इंजिनाचा प्रत्येक बाजूवर सुमारे ६६ किलो ताण येतो. तोच कोन ३० अंशांवर आला की प्रत्येक बाजूवर पूर्ण ११५ किलो येतो, आणि कड्यांना आडवी ओढ बसते ती वेगळीच. गिअरबॉक्स आणि फ्लायव्हील मागे असल्याने मागची बाजू जड असते. म्हणून हूक मधोमध न लावता थोडा मागे लावा. कॉकपिटखालून बाहेर येताना पुढचे टोक वर असलेले बरे, गिअरबॉक्स मागून आपोआप सरकत येतो.

खोबणीपासून दाराखालच्या मोकळ्या जागेपर्यंत दोन बाय चार इंची दोन लाकडी पट्ट्या रुळांसारख्या टाका आणि त्यांवर मेणबत्ती घासा. इंजिन पायांवर बसेल अशी १८ मिलिमीटर प्लायवूडची घसरगाडी करा. इंजिन ऑइल पॅनवर टेकवायचे नाही. पॅनचा पत्रा चेपला तर ऑइल ओढणारी नळी त्याला जाऊन भिडते आणि इंजिन पुन्हा बसवून सुरू केल्यावर ऑइलचा दाब येत नाही. कारण शोधायला दोन दिवस जातात.

होडी जेट्टीला लावून इंजिन उतरवणार असाल तर तिथी बघा. उधाणाच्या दिवसांत आपल्या या किनाऱ्यावर भरती-ओहोटीचा फरक चार मीटरच्या वर जातो आणि तासाभरात डेक जेट्टीच्या खाली गेलेला असतो. अष्टमी-नवमीच्या आसपासची भांग (भरती-ओहोटीत कमी फरक असणारे दिवस) धरा, आणि डेक व जेट्टी एका पातळीला येतील ती वेळ उचलण्यासाठी राखून ठेवा. बाकी सगळे आदल्या दिवशी झालेले असू दे.

पुण्याला आणायला छोटा हत्ती पुरतो. इंजिन उभेच, पायांवर, प्लायवूडला बोल्टने जखडलेले. चार कोपऱ्यांना रॅचेट पट्टे. घाटाच्या वळणांवर इंजिनाचा डोक्याकडचा भाग डोलतो, म्हणून पट्टे खाली नाही तर हेडच्या उंचीवरून ओढा. एक्झॉस्ट, एअर आणि पाण्याची तोंडे बंद केलेली असावीत. डिझेल इंजिनाच्या कामासाठी पुणे चांगले शहर आहे. १९४६ पासून किर्लोस्कर ऑइल इंजिन्स इथे आहे, आणि डिझेल पंपाचे कॅलिब्रेशन, बोअरिंग, क्रँक घासणे ही कामे वर्षानुवर्षे करणारे कारागीर भोसरीपासून नाना पेठेपर्यंत आहेत. मात्र समुद्राच्या पाण्याचा गंज त्यांनी रोज पाहिलेला नसतो. पाण्याच्या वाटा साफ करायच्या आणि गंज स्वतःवर घेणारे जस्ताचे तुकडे तपासून बदलायचे, हे कामाच्या चिठ्ठीवर लिहून द्या.

शाफ्टवरचे कपलिंग निघतच नाही. सेट स्क्रू काढले, तेल सोडले, ठोकूनही पाहिले. काय करावे?
— वाचक, पिंपरी

आधी ठोकणे थांबवा. कपलिंगच्या दोन्ही बाजू जोडलेल्या असताना मारलेला प्रत्येक घाव गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर जातो. पुलर लावायला तिथे जागा नसते आणि पहार घालून उचकटले तर तोंडाची सपाटी जाते.

घावाशिवाय काढण्याची पद्धत आहे. कपलिंगचे चारही बोल्ट काढून दोन्ही तोंडांमध्ये थोडी फट करा. शाफ्टच्या टोकापेक्षा व्यासाने थोडा लहान असा जाड सॉकेट त्या फटीत, शाफ्टच्या टोकासमोर बरोबर मधोमध धरा. आता मूळ बोल्टच्या जागी तेवढ्याच जाडीचे पण जास्त लांबीचे चार बोल्ट घाला आणि एकेक करून, समोरासमोरचे, पाव-पाव फेरीने आवळत जा. कपलिंग पुढे ओढले जाते, सॉकेट शाफ्टला मागे ढकलतो आणि शाफ्ट कपलिंगमधून सरकू लागतो. सॉकेटची लांबी संपली की त्याहून लांब सॉकेट घ्या आणि पुन्हा सुरू करा. बोल्ट ८.८ ग्रेडचे असावेत. बोहरी आळीत लांबी सांगितली की मिळतात, पण डोक्यावरचा आकडा बघूनच घ्या. साधे बोल्ट इथे ताणले जातात.

शाफ्ट पहिल्यांदा हलतो तेव्हा ‘टक्’ असा मोठा आवाज होतो. घाबरू नका, तो गंज सुटल्याचा आवाज आहे. तो आला की चावी, म्हणजे शाफ्ट आणि कपलिंगच्या खाचेत बसणारी धातूची छोटी पट्टी, कुठे आहे ते बघा. ती बिल्जमध्ये (होडीच्या तळाच्या खोलगट भागात) पडते आणि मग दिवसभर शोधली जाते. सेट स्क्रू शाफ्टमध्ये केलेल्या खड्ड्यात बसतो, म्हणून तो फक्त ढिला करून चालत नाही, पूर्ण काढायला हवा. काही कपलिंगला एकाखाली एक असे दोन स्क्रू असतात. वरचा काढला की खालचा राहून जातो. तुमच्या बाबतीत आम्हाला हीच शंका जास्त येते. तारेने भोकाची खोली मोजून बघा.

माउंटचे तळातले बोल्ट गंजले आहेत. गॅसने तापवले तर चालेल का?
— वाचक, हडपसर

नाही. खाली फायबर, त्याच्या आत लाकूड आणि बिल्जमध्ये डिझेलमिश्रित पाणी. तिथे ज्योत नको. रस्ट सोडवणारे तेल सकाळ-संध्याकाळ तीन दिवस सोडा, मग बोल्ट आधी आवळण्याच्या दिशेने किंचित हलवा आणि नंतर उलटा. डोके गोल झाले असेल तर सहा कोनी सॉकेट घ्या, बारा कोनी नको. तरीही सुटला नाही तर डोके ड्रिलने उडवा. माउंट निघाला की उरलेला दांडा वर येतो आणि पकडीने धरता येतो.

बूमवरून (मोठ्या शिडाच्या खालच्या आडव्या दांड्यावरून) इंजिन उचलता येते असे ऐकले. आमचा बूम ३.२ मीटरचा आहे. तो वाकेल का?
— वाचक, औंध

कसा टांगता त्यावर आहे. बूमचे मागचे टोक टॉपिंग लिफ्टवर (ते टोक वरून धरणाऱ्या दोरीवर) ठेवून मधोमध ११५ किलो टांगले तर मधल्या भागावर वाकण्याचा जोर ९२ किलो-मीटर येतो. पातळ ॲल्युमिनियमच्या बूमसाठी तो धोक्याचा आहे. शिवाय टॉपिंग लिफ्टची दोरी बहुतेक होड्यांवर चार-पाच मिलिमीटरची आणि उन्हाने भाजलेली असते. तिच्यावर माणसाच्या डोक्यावरचे वजन सोडू नये.

बूमवर चेन ब्लॉक जिथे टांगणार, बरोबर त्याच जागी मोठ्या शिडाचा हॅलियार्ड (शीड वर ओढायचा दोर) आणून रुंद पट्ट्याने बांधा. आता वजन हॅलियार्डमधून डोलकाठीच्या माथ्यावर जाते आणि बूमवर वाकण्याचा जोर जवळजवळ उरत नाही. बूमचे काम फक्त वजन डोलकाठीपासून लांब धरण्याचे. हॅलियार्ड विंचवर आवळून वर क्लीटलाही बांधा. बूमच्या खाली, टांगलेल्या जागेच्या थोडे मागे, कॉकपिटच्या तळापासून लाकडी टेकू उभा करा आणि टेकूच्या बुडाखाली फळी ठेवा. फायबरचा तळ टोकदार भाराने फुटतो. बूम दोन्ही बाजूंना दोरांनी ताणून मध्यावर बांधा.

उचलण्याचे काम चेन ब्लॉकने करा, विंचने नाही. विंचवरून दोर घसरला की सगळे खाली येते. चेन ब्लॉक हात सोडला तरी जिथल्या तिथे थांबतो आणि एकेका मिलिमीटरने खालीवर करता येतो. टांगलेल्या इंजिनाखाली कोणीही हात घालायचा नाही. दिशा द्यायची असेल तर इंजिनाला बांधलेल्या दोरीने द्या.

आणि बूम बाहेर झुलवून इंजिन थेट जमिनीवर उतरवायचा मोह आवरा. होडी टेकूंवर उभी असते तेव्हा टेकूंनी सरळ खाली येणारे वजन धरलेले असते. दोन मीटर बाहेर लोंबणारे ११५ किलो तिला कुशीवर ढकलतात आणि पलीकडचा टेकू सैल होऊन सुटतो. इंजिन कॉकपिटमध्ये फळ्यांवर ठेवा. तिथून खाली आणायला हायड्रा क्रेन बोलवा. तासाभराचे काम असते.

माझी २२ फुटी होडी ट्रेलरवर बावधनला पत्र्याच्या शेडमध्ये आहे. आतले यानमार १जीएम१० कायमचे काढून खडकवासल्यासाठी विजेची आउटबोर्ड मोटर लावायची आहे. शेडच्या कैचीला चेन ब्लॉक लावला तर चालेल ना? इंजिन गेल्यावर आणखी काय करावे लागेल?
— वाचक, बावधन

शेडच्या कैचीला लावू नका. ती पत्र्याचे वजन आणि वारा धरण्यासाठी बनवलेली असते. एका बिंदूवर लोंबणाऱ्या भाराचा हिशोब तिच्यात नसतो आणि चेन ब्लॉकच्या प्रत्येक झटक्याला खालची पट्टी वाकते. तुमचे इंजिन हलके आहे, ७६ किलो, पण होडी ट्रेलरवर असल्याने हूक जमिनीपासून साडेतीन-चार मीटर वर लागेल. तेवढ्या उंचीची घोडी उभी करण्यापेक्षा ट्रेलर शेडबाहेर ओढून हायड्राच्या हुकाला चेन ब्लॉक लावणे सोपे. क्रेन फक्त वर येऊन थांबेल, बारीक हालचाल चेन ब्लॉकने करायची. क्रेनच्या दोराने थेट उचलले तर पहिल्याच हिसक्याला इंजिन दारावर आदळते. उचलण्याआधी ट्रेलरच्या चाकांना पाचरी आणि मागच्या टोकाखाली जॅक द्या. इंजिन निघाले की वजन बदलते आणि मागून रेललेला ट्रेलर पुढचे टोक उचलू शकतो किंवा उलट.

कायमचे काढायचे म्हणजे खरे काम इंजिन गेल्यावर सुरू होते. शाफ्ट, पंखा, स्टर्न ट्यूब (शाफ्ट जिच्यातून बाहेर जातो ती नळी) आणि बाहेरचा ब्रॅकेट काढा. पंखा नुसता ठेवून दिला तर शिडावर जाताना तो पाणी ओढत राहतो. पाणी आत घेण्याचे, एक्झॉस्टचे आणि शाफ्टचे अशी तीन भोके तरी बंद करावी लागतील. भोकात लाकडी गुल्ली आणि वरून फायबर असला उपाय टिकत नाही. भोकाच्या कडा १२ ला १ या उताराने घासा, म्हणजे तळाची जाडी ८ मिलिमीटर असेल तर भोकाच्या काठापासून चौफेर जवळजवळ १० सेंटिमीटरपर्यंत. मग ग्लास फायबरचे थर, पहिला सर्वांत मोठा आणि पुढचे लहान होत जाणारे, इपॉक्सीत भिजवून लावा. पॉलिएस्टर रेझिन स्वस्त असते, पण जुन्या, वाळलेल्या फायबरला ते इपॉक्सीसारखे चिकटत नाही. पाण्याखालच्या भोकाला ते वापरू नये.

समतोलाचेही बघा. इंजिन होडीच्या मध्याच्या थोडे मागे, खूप खाली बसलेले होते. आता मोटर सगळ्यात मागे, पाण्याच्या वर टांगली जाणार. बॅटरी इंजिनाच्याच जुन्या जागी, तळाला बोल्टने जखडून ठेवा. ४८ व्होल्ट १०० अँपिअर-अवरची लिथियम फॉस्फेट बॅटरी साधारण ४० ते ४५ किलोची असते आणि ४.८ युनिट वीज धरते. एक किलोवॅटच्या मोटरला पूर्ण जोरात साडेचार तास, अर्ध्या जोरात त्याच्या दुपटीच्या जवळ. तुमच्या होडीला शांत पाण्यात तासाला पाच-सहा किलोमीटर द्यायला एक किलोवॅट पुरे. संध्याकाळी वारा पडल्यावर काठाला यायला एवढे भरपूर आहे. डिझेलचे इंजिन काढण्याचा तुमचा निर्णय आम्हाला मनापासून आवडला. खडकवासल्याचे पाणी आपल्या नळाला येते. जुन्या इंजिनाच्या बिल्जमधून तेलाचा एक थेंबही तिथे पडायला नको.

इंजिन दुरुस्त होऊन पुन्हा बसवले. कपलिंगची तोंडे हाताने जुळतात, पण चालवताना होडी थरथरते. फीलर गेजने (फट मोजायच्या ठरावीक जाडीच्या पात्यांनी) जुळवायचे म्हणतात, ते कसे?
— वाचक, सिंहगड रस्ता

होडी पाण्यात उतरवून एक-दोन दिवस होऊ द्या. टेकूंवरच्या होडीचा तळ आणि पाण्यातल्या होडीचा तळ यांचा आकार थोडा वेगळा असतो आणि जमिनीवर अचूक जुळवलेले कपलिंग पाण्यात गेल्यावर सुटते. माउंट नवे असतील तर त्यांचे रबरही या दिवसांत वजन घेऊन बसते.

आधी उंची आणि मध्य. शाफ्टचे तोंड हाताने पुढे ढकलले की मधला उंचवटा समोरच्या खाचेत अडखळल्याशिवाय बसायला हवा. शाफ्टचे स्वतःचे वजन त्याला खाली झुकवते, म्हणून तो हाताने उचलून त्याच्या खऱ्या मध्यावर धरा आणि मग बघा. उंची जुळली नसेल तर चारही माउंट सारख्याच फेऱ्यांनी वरखाली करा.

मग कोन. बोल्ट न लावता तोंडे जवळ आणा आणि वर, खाली, डावीकडे, उजवीकडे अशा चार जागी फीलर गेजने फट मोजा. १०० मिलिमीटर व्यासाच्या कपलिंगला चारही मापांत ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. समजा वरची फट खालच्यापेक्षा ०.३ मिलिमीटर जास्त आली. म्हणजे इंजिनाचे पुढचे टोक खाली आहे. पुढच्या आणि मागच्या माउंटमध्ये ४०० मिलिमीटर अंतर असेल तर पुढची बाजू १.२ मिलिमीटर उचलायला हवी. बोल्टच्या आट्याची पिच १.५ मिलिमीटर असेल तर पुढच्या दोन्ही नटांची पाऊण फेरीहून किंचित जास्त. डाव्या-उजव्या फटीत फरक असेल तर इंजिन बाजूला सरकवावे लागते, त्यासाठी बैठकीचे बोल्ट ढिले करून पहारीने हळूच ढकला. प्रत्येक बदलानंतर चारही मापे पुन्हा घ्या, कारण एक बाजू हलली की दुसरी बिघडते. चार-पाच फेऱ्या होणारच.

हे सगळे करूनही थरथर राहिली तर इंजिनाच्या बाजूचे तोंड तसेच ठेवून फक्त शाफ्ट ९० अंश फिरवा आणि पुन्हा मोजा. मोठी फट शाफ्टबरोबर फिरली, आधी वर होती ती आता बाजूला आली, तर दोष जुळणीचा नाही. शाफ्ट वाकलेला आहे किंवा कपलिंगचे तोंड शाफ्टला काटकोनात नाही. अशा वेळी माउंट कितीही फिरवले तरी उपयोग होत नाही. शाफ्ट आणि कपलिंग जोडलेल्या स्थितीत टर्नरकडे न्या आणि लेथवर धरून तोंडावर एक हलका कट घ्यायला सांगा. कपलिंग उतरवून एकटे नेले तर तो काटकोन पुन्हा चुकतो.